हात मागे बांधून उभा राहणारा मिस्त्री

कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला एक बारकी चावी असते. सायकलच्या कुलपाला असते तेवढी. ती फिरवली की मशीनच्या पोटातला प्रोग्रॅम उघडतो. कापणारं टूल कुठून कुठे जाईल, किती वेगाने जाईल, किती कापेल, हे सगळं तेव्हा लिहिता येतं, बदलता येतं. चावी काढून घेतली की मशीनसमोरच्या माणसाला एवढंच काम उरतं: माल लाव, हिरवं बटण दाब, माल काढ. आमच्या सौंसरकडच्या औद्योगिक क्षेत्रात जमीन आमची गेली, ट्रकांची धूळ आमच्या संत्र्यांवर बसते, बटणं दाबायला पोरं आमचीच लागतात, आणि चावी मात्र कायम बाहेरून आलेल्या कोणाच्या तरी खिशात. हे मी आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकात लिहिलं होतं. इथेही लिहिते. ज्याला टोचेल त्याला टोचू दे.

पण पत्रकात माणूस मावत नाही. म्हणून उत्तम मिस्त्रींबद्दल हे वेगळं लिहायला बसले.

मिस्त्रींचं दुकान पांढुर्ण्यात, जाम नदीच्या पुलाच्या अलीकडे. आमचं घर त्याच गल्लीत, त्यामुळे लोखंड गोल फिरवून कापणाऱ्या त्यांच्या लेथचा आवाज मला घरातल्या भांड्यांइतका ओळखीचा. लेथ एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून भंगारात घेतलेली. तिला ते ‘बुढी’ म्हणत. बागांतल्या मोटारींचे शाफ्ट, फवारणी पंपाचे दांडे, ट्रॅक्टरच्या पिना, जे येईल ते बुढीवर चढायचं. “आध्या पांढुर्ण्याचं पानी माह्या शाफ्टावर चालते,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बढाई होती. ते बढाईखोर होतेच. केसांना काळा रंग, खिशात कंगवा, ग्रीसमध्ये दिवस काढायचा तरी शर्टाला इस्त्री. कपाळावर एक आडवा व्रण. आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या सावरगावाशी दगडांची गोटमार होते, म्हणून कपाळावर व्रण दिसला की कोणीही विचारतो, गोटमारीतला का, सावरगाववाल्याचा दगड का. मिस्त्री चिडत. “दगड नोय थो. लेथवरून उडालेली बीडाच्या लोखंडाची गरम चिप हाय. दगड त कोनीबी खाते.”

गोल वस्तू दिसली की त्यांना राहवत नसे. अंगठा आणि दोन बोटांत धरून ती फिरवायची आणि मत द्यायचं. चहाचा ग्लास, बसमधला दांडा, कोणाच्या पोराचं खेळण्यातलं चाक. एकदा आमच्या घरी आले आणि ओट्यावरचं बेलणं, म्हणजे लाटणं, उचलून आईला म्हणाले, “वहिनी, हे मधात जाड हाय. तुमच्या पोया काठाले जाड येत असतीन.” आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पोळ्या काठाला जाडच येत होत्या.

दुकानात शिकायला पोरं असायची, आणि तिथे एक रीत होती. शिकणाऱ्याच्या हातात लेथ दिली की मिस्त्री आपले दोन्ही हात पाठीमागे नेत आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभे राहत. पोरगं चुकत असलं, लोखंड वाया जात असलं, तरी हात पुढे यायचा नाही. बोट माल पकडून फिरवणाऱ्या चकाजवळ गेलं तरच लेथ थांबवायला पट्टा सोडायचा, नाहीतर नाही. मी लहान असताना विचारलं होतं, हात कशाला बांधता म्हणून. “समोर असले त आपोआप जातात, पोरी. मंग पोट्टा काम नाई शिकत, माहे हात पाहाले शिकते.”

दुसरी रीत हवेची. नवीन काम लावलं की टूल आधी लोखंडापासून दूर, नुसतं हवेत फिरवून पाहायचं. कुठे अडतं का, कुठे आदळतं का. “आंधी हवेत चालव,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितकं ऐकलं तितकं आईकडून ‘जेवलीस का’ ऐकलं नसेल. संघटनेत गेल्यावर सौंसरच्या चौकात माझं पहिलं भाषण होतं. मिस्त्रींनी मला आदल्या संध्याकाळी दुकानात उभं केलं. समोर बुढी, बाजूला ते, हात मागे. मी मुठी आवळून सगळं भाषण केलं.

“चालते काय?” मी विचारलं.

“आवाज जाते. पन थे कोनाले सांगून राहिली हे नाई समजलं. बुढीले त नाईच समजलं.”

रडू आलं होतं मला. भाषण मात्र मी बदललं. आणि हेही सांगून टाकते, त्या माणसाच्या तोंडी सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे एक शब्द होता, ‘चालते’. माझ्या वाट्याला तो त्या संध्याकाळी आला नाही.

मग काम आटलं. शाफ्ट तयार मिळू लागले, नागपूरहून डब्यात बंद. जुनं दुरुस्त करण्यापेक्षा नवं स्वस्त. बुढी दिवसचे दिवस कापडाखाली. शिकणारी पोरं एकेक करून ठेकेदारामार्फत कारखान्यात बटणं दाबायला गेली. आणि एक दिवस मिस्त्रीही इस्त्रीचा शर्ट घालून सौंसरच्या बसमध्ये बसले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गावभरचा उस्ताद, ठेकेदाराच्या यादीत सगळ्यात खालच्या ओळीत, ऑपरेटर म्हणून.

मी भडकले. दुकानात जाऊन भांडले. “काका, तुमी बटन दाबान काय आता? ज्यायले तुमी शिकवलं त्यायच्या रांगेत?”

ते कंगवा फिरवत होते. “लोखंड संपलं नाई, पोरी. लोखंडाचा पत्ता बदलला. मंग आपुन काहून जुन्या पत्त्यावर बसाचं?”

“पन बटन?”

“बटनाच्या मांगं काय हाय थे पाहाचं हाय. मले प्रोग्रॅम लिहाचा हाय.” मग माझ्याकडे बघून, “तू पत्रकात चावी चावी करून राहिली न? कोनी त गेलं पायजे चावीपाशी.”

कारखान्यातल्या पायऱ्या ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी लिहिते. खाली ऑपरेटर, तो माल लावतो आणि काढतो. त्याच्या वर सेटर, तो टूल बसवतो आणि पहिला माल बरोबर काढून देतो. त्याच्या वर प्रोग्रॅमर, तो मशीनला काय करायचं ते लिहितो. जगात हजार ठिकाणी माणसं या पायऱ्या चढतात. आमच्याकडे पहिल्या पायरीनंतर जिनाच नव्हता. ठेक्यावरचा ऑपरेटर ठेक्यावरच म्हातारा व्हायचा, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

त्या कारखान्यातला प्रोग्रॅमर आशुतोष, इंदूरकडचा, पंचविशीतला, कानात कायम गाणी. चावी त्याच्या खिशात. पहिल्याच दिवशी त्याने मिस्त्रींना ‘चाचा’ म्हटलं. मिस्त्री रंगवलेल्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, “चाचा नहीं. मिस्त्री बोलो.” तो म्हणाला, “ठीक है चाचा.”

आणि मग तो घोळ झाला, ज्याची आठवण सौंसरच्या चहाच्या टपरीवर आजही निघते.

टूल चालून चालून घासतं आणि माल हळूहळू जाड यायला लागतो. तेवढी बारीक दुरुस्ती ऑपरेटरला चावीशिवाय करू देत. पडद्यावर आकडा टाकायचा, मशीन तेवढं जास्त कापते. मिस्त्रींच्या मशीनवर माल केसभर जाड आला. त्यांनी दुरुस्ती टाकली. पुढचा माल अर्धा केस जाड. पुन्हा टाकली. आता पाव केस. मोजून मोजून त्यांचा जीव गेला. संध्याकाळी बसमधून उतरले ते थेट माझ्याकडे.

“मशीन बहिरी हाय,” म्हणाले. “आपुन सांगतो त्याच्या आधंच ऐकते. मले इतके वर्स झाले, माह्या हाताले समजत नसन काय? खराब मशीनवर राबवून राहिले आपल्याले. मंग माल गेला रिजेक्ट, का ऑपरेटरच्या नावानं बोंब.”

मला आणखी काय हवं होतं? ‘बहिऱ्या मशीनवर बहिरी कंपनी’ या मथळ्याचं पत्रक दुसऱ्या दिवशी गेटवर वाटलं गेलं. कंपनीने मशीनची दुरुस्ती टाळली, कामगाराच्या माथी दोष मारला, सगळं त्यात होतं. पत्रक फर्मास होतं. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने मिस्त्रींना गेटवरच थांबवलं. आजपासून यायचं नाही.

मी धरणं धरायच्या तयारीला लागले. मिस्त्री दुकानात बुढीवरचं कापड झटकत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या शर्टाला चुण्या पाहिल्या. चावीपाशी जायला निघालेला माणूस गेटच्याही बाहेर पडला होता.

रविवारी आशुतोष आला. मोटारसायकलवरून पांढुर्ण्यापर्यंत, पत्ता विचारत विचारत. रागाने लाल झालेला. माझं पत्रक हातात.

“मशीन खराब है ये किसने बोला? मैंने खुद चेक की है। मशीन एकदम सही है।”

“मी बोललो,” मिस्त्री म्हणाले. “आनि माहे हात बी सही हाय.”

“दिखाओ फिर अपने हाथ.”

मिस्त्रींनी बुढी चालू केली. मला वाटलं, आता ते त्याला कापून दाखवतील. पण त्यांनी एक दांडा चकात बांधला, जाडी मोजायचा मायक्रोमीटर आशुतोषच्या हातात दिला आणि बाजूला झाले. “तुमी करा सर. केसभर कमी करा याले. माहे हात कायले पाह्यता?”

हात मागे. मनगट धरलेलं.

आशुतोषने असली जुनी लेथ कॉलेजात पाहिली असेल तेवढीच. पण तोही हट्टी. त्याने मोजलं, टूल सरकवायच्या चाकावरच्या खुणा वाचल्या, बरोबर केसभर टूल आत घेतलं आणि कापलं. पुन्हा मोजलं. दांडा दोन केस बारीक झाला होता.

मिस्त्री हसले. खूप हसले. “अरे सर, गोल हाय न थे. टूल एका बाजूनं आत गेलं त दोन्ही बाजूनं कमी होते. केसभर पायजे त आधा केस फिरवाचा. पह्यल्या दिवसाचं काम हाय हे.”

“वो तो मशीन खुद आधा कर लेती है,” आशुतोष चिडून म्हणाला. “हमको तो पूरा नंबर डालना होता है।”



बुढीचा पट्टा नुसता फिरत होता. मिस्त्रींचं हसू जागच्या जागी थांबलं. आयुष्यभर त्यांच्या हातांनी प्रत्येक माप आपोआप अर्धं केलं होतं, श्वास घ्यावा तसा. मोठ्या मशीनसमोरही हात तेच करत राहिले. ते अर्धं सांगत होते, मशीन ते पूर्ण समजून दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं वाटत होती. मशीन बहिरी नव्हती. जुन्या लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूसच ही चूक करू शकतो, आणि जुनी लेथ कधी न चालवलेलाच तिची बरोबर उलटी करू शकतो. दोघांनी एकमेकांसमोर करून दाखवली होती.

आशुतोष आधी हसला. मग दोघेही. मी मात्र हसले नाही, कारण माझ्या पिशवीत त्या पत्रकाचा उरलेला गठ्ठा होता.

मी म्हणाले, “काका, जाऊ द्या. लोक विसरून जातीन. मी नवं पत्रक काढते, ठेकेदारावर.”

“नाई,” ते म्हणाले. “गेटवर पसरवलं न? मंग गेटवरच निस्तराचं.”

सोमवारी सकाळी पाळी बदलायच्या वेळेला ते टपरीसमोरच्या दगडावर चढले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. आतले बाहेर येत होते, बाहेरचे आत जात होते. मी कडेला उभी होते आणि जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

“आयका रे,” त्यांनी आवाज दिला. “मशीन बरोबर हाय. मी आधं सांगत होतो, म्हनून थे आधं करत होती. चूक माही हाय. या पोरीनं लिहिलं थे बी माह्याच सांगन्यावरून.”

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “मिस्त्री, वय बी आधंच सांगता काय?”

सगळा रस्ता हसला. मिस्त्रींनी खिशातून कंगवा काढला, शांतपणे केसांवरून फिरवला आणि म्हणाले, “थे त पावच सांगतो.”

मी आजवर बरेच पुढारी जवळून पाहिले. आमच्या संघटनेतलेही. चुकलो, असं उभ्या रस्त्यात, हसू झेलत, कोणाला म्हणताना पाहिलं नाही. पत्रकं शिकवतात की शत्रूपुढे चूक कबूल करायची नाही. ते शिकवणाऱ्यांनी त्या दगडावर एकदा चढून बघावं.

आशुतोषने मॅनेजरला सांगितलं की बाकीचे ऑपरेटर माल जाड आला तरी बटण दाबत राहतात, हा एकटा प्रत्येक नग मोजत होता, म्हणून तर भांडण झालं. मिस्त्री परत आत गेले. आणि आशुतोष रविवारी पुन्हा पांढुर्ण्यात आला, या वेळी त्याचा जुना लॅपटॉप घेऊन. मशीनवर शिकवायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून बुढीच्या पाठीवर लॅपटॉप ठेवून शाळा सुरू झाली. पडद्यावर खोटी मशीन, खोटं लोखंड. मिस्त्रींची जाड बोटं दोन दोन बटणं एकदम दाबायची. आशुतोषचा हात लगेच पुढे यायचा.

“हात,” मिस्त्री नुसतं म्हणत.

आणि इंदूरचा तो पोरगा निमूट दोन्ही हात मागे बांधायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कानातली गाणी त्याने कधी काढली ते कळलंही नाही. चाचा म्हणणंही त्याने सोडलं.

दरम्यान मी नव्या पत्रकाचा मसुदा घेऊन गेले. पिण्याचं पाणी, पंखे, बस, ओव्हरटाइम, हातमोजे आणि शेवटी चावी, अशी मागण्यांची लांब रांग. मिस्त्रींनी अंगठ्याचं नख प्रत्येक ओळीखालून फिरवत वाचलं.

“एकच माग.”

“काका, सगळ्याच खऱ्या हायत.”

“खऱ्या हायत. पन इतक्या मागशील त साहेब सोपी वाली निवडन. पंखे लावून देईन आनि फोटो काढून घेईन. एक माग, जे द्याले त्याले इचार करा लागन.”

मला राग आला, रात्रभर राहिला, आणि सकाळी मी एकच मागणी ठेवली: मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेला बसू द्या. पास झाला तर वर घ्या. सह्या भराभर मिळाल्या, कारण ते एक वाक्य टपरीवरही सांगता येत होतं. पंखे अजून लागलेले नाहीत, तेही इथे लिहून ठेवते. तो लढा चालू आहे.

कंपनीने मान्य केलं ते आमच्यावर प्रेम होतं म्हणून नाही. आशुतोषला इंदूरजवळच्या पीथमपूरला चांगली नोकरी मिळाली होती. बाहेरून येणारा प्रत्येक प्रोग्रॅमर असाच काही महिन्यांत जात होता, सौंसरला कोणी टिकत नव्हतं. मॅनेजर थकला होता.

परीक्षेत पंपाचा एक शाफ्ट दिला. मापांच्या नकाशावरून प्रोग्रॅम लिहायचा आणि माल काढून दाखवायचा. आत काय झालं ते आशुतोषने मला नंतर सांगितलं. मिस्त्री प्रत्येक आकडा लिहिताना तोंडाने पुटपुटत होते, “पुरा सांग, पुरा सांग.” मग चक रिकामा ठेवून त्यांनी मशीन हवेत चालवली. एकदा. परत एकदा. मॅनेजर घड्याळ पाहू लागला. “मिस्त्री, लोखंड कापणार की हवाच?”

“साहेब, हवा फुकट असते. लोखंडाचे पैसे लागते.”

मग त्यांनी माल लावला, बटण दाबलं. शाफ्ट निघाला तेव्हा स्वतः न मोजता मायक्रोमीटर मॅनेजरच्या हातात दिला. माप बसलं होतं.

त्या दिवशी ते बसमधून उतरले तेव्हा शर्टाच्या खिशात कंगव्याशेजारी ती चावी होती. गल्लीत ज्याला त्याला काढून दाखवली. माझ्या आईलाही. आई म्हणाली, “एवढीशी? याच्यासाठी एवढा गोंधळ?” मिस्त्री म्हणाले, “वहिनी, बेलनं बी एवढंसंच असते.”

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण चावी एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेली म्हणजे जिना झाला का? हा प्रश्न मी विचारण्याआधीच मिस्त्रींनी प्रणालीला निवडलं होतं.

प्रणाली मोहगावची. आयटीआय केलेली, टर्नर ट्रेडमध्ये, म्हणजे लेथचंच काम शिकलेली. वडील दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायला जातात. कारखान्यात तिला पॅकिंगला घातलं होतं, कारण मुलींना पॅकिंगलाच घालतात. का, असं विचारलं तर उत्तर नसतं, फक्त सवय असते. मिस्त्रींनी तिला मागून आपल्या मशीनवर घेतलं. कामाचे तास संपल्यावर ते चावी लावायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. ती लिहायची आणि हवेत चालवायची. महिना, दोन महिने, नुसती हवा. ती फटकळ होती, माझ्यासारखीच. टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, “काका, मी हवा कापाचा पगार घेऊन राहिली काय?”

“लोखंड कुठं पयून चाललं?” मिस्त्री म्हणाले. “तू पयशील त टूल मोडशील.”

मागून मला हळूच म्हणाले, “पोट्टी तेज हाय. माह्यापेक्षा लवकर लिहिते. मले मांगं हात धरून ठेवाले लय तरास होऊन राहिला.”

तेवढ्यात पीथमपूरहून आशुतोषचा फोन आला. तिथल्या कारखान्याला नव्या पोरांना शिकवणारा माणूस हवा होता, ज्याला जुनी लेथही येते आणि नवी मशीनही. पगार चांगला, राहायला खोली. मिस्त्रींच्या डोळ्यांत मी लोभ पाहिला आणि मला तो आवडला. त्या वयात माणसाला पुढे जावंसं वाटतंय, यापेक्षा चांगलं काय असतं?

मॅनेजर म्हणाला, जा, आम्ही नागपूरहून कोणी आणू.

“प्रणाली हाय न.”

“मुलगी आहे, मिस्त्री. उद्या लग्न होईल, जाईल.”

“आशुतोष सरचं त लग्न नोयतं झालं, साहेब. थे बी गेलेच.”

मॅनेजरला हसावं लागलं, पण तो नाहीच म्हणाला. मग मिस्त्रींनी सांगितलं की तिची परीक्षा मी असताना घ्या, माझ्यासमोर. नापास झाली तर आणा कोणालाही. तोवर मी जात नाही. पीथमपूरवाले किती दिवस थांबणार होते कोणास ठाऊक. आशुतोष रोज फोन करत होता. गल्लीतले लोक म्हणत, वेडा आहे, आलेली गाडी सोडून दुसऱ्याच्या पोरीसाठी थांबलाय. मी पत्रक लिहायला घेतलं आणि त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. “आता नाई. आता मशीनच बोलन.”

परीक्षेच्या दिवशी मी गेटवर होते. माल चढवायचं शटर वर केलेलं होतं, त्यातून आतली मशीन तिरकी दिसत होती. आवाज काही येत नव्हता, ट्रक सुरू होता. मॅनेजर एका बाजूला. प्रणाली पडद्यासमोर, ओढणी ॲप्रनमध्ये घट्ट खोचलेली. आणि दोन पावलं मागे मिस्त्री, माझ्याकडे पाठ. दोन्ही हात मागे. एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी दिसत होती.

चक रिकामा होता. टूल हवेत गेलं, आलं. ती थांबली, पडद्यावर काहीतरी बदललं. मिस्त्रींचा खांदा पुढे झुकला. हात सुटले नाहीत. पुन्हा हवेत. मग तिने माल लावला, दार लावलं, बटण दाबलं. आत माल थंड ठेवणारं पांढरं पाणी उडू लागलं आणि काच धुरकट झाली. मशीन थांबली तेव्हा प्रणालीने दार उघडून नग काढला, पुसला, आणि मिस्त्रींकडे न बघता मॅनेजरला दिला. मॅनेजरने मोजलं. परत मोजलं. मग तिच्याकडे पाहून मान हलवली.

मिस्त्रींनी नग हातात घेतला नाही. बोटांत धरून फिरवलाही नाही, आणि ही गोल वस्तू होती. ते मशीनजवळ गेले. मला वाटलं, सवयीने चावी काढून खिशात घालतील. चावी लावलेलीच होती. तिच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि वळले. हात अजून मागेच, जणू सोडायला विसरले होते. तसेच शटरमधून उन्हात बाहेर आले. शर्टाच्या खिशात आता फक्त कंगवा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात ते पीथमपूरला गेले. मी तेव्हा छिंदवाड्याला मोर्च्यात होते, भेट झाली नाही. फोनवर बोलतात, बढाया मारतात. पण डोळ्यांसमोर येतात ते त्या शटरमधून बाहेर येणारेच.

त्या दिवशी गेटपाशी येऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. मी विचारलं, “काय झालं, काका?”

त्यांनी वळून आत पाहिलं, जिथे प्रणाली पुढचा नग लावत होती.

“चालते,” म्हणाले.